आजचं वाहन एकच

"वहिनी, जरा पुढं वाकून बसा," भूपालभाऊजी म्हणाले. "चढ आहे."

मी वाकले. मागच्या सीटवर चंपाआत्ती होत्या, ह्यांची आणि भाऊजींची आत्या. त्याही वाकल्या, आणि वर माझ्या सीटला दोन्ही हातांनी ढकलायला लागल्या. इंजिन असं ओरडत होतं, की गाडी आता आभाळात जाते की काय असं वाटावं. खिडकीबाहेर मात्र एक बाभळ उभी होती. मघापासून तीच.

दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला मागून आला आणि आमच्याकडं बघत बघत पुढं निघून गेला.

"भूपाल," आत्ती म्हणाल्या, "त्यो आपल्याला ओलांडून गेला."

"त्याचं वजन कमी आहे, आत्ती."

"किटल्या भरल्याल्या हुत्या."

भाऊजींनी पाय आणखी दाबला. इंजिन आणखी ओरडलं. बाभळ जागची हलली नाही. उलट ती हळूहळू पुढं जायला लागली, म्हणजे आम्ही मागं घसरायला लागलो. भाऊजींनी ब्रेक दाबला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "गाडी घसरतेय."

"त्ये आमालाबी कळतंय," आत्ती म्हणाल्या.

"तसं नाही. आतनं घसरतेय. इंजिन फिरतंय आणि चाकाला काही पोचत नाहीय."

ही गाडी आमच्या गावातलं एक नवल होतं. भाऊजींचा डावा गुडघा पुण्याच्या रहदारीत क्लच दाबून दाबून कामातून गेला होता. निवृत्त होऊन गावी येताना त्यांनी कुणाची तरी जुनी, पांढरी, बिनक्लचची गाडी घेतली. तिला गिअर टाकावे लागत नाहीत, ती आपले आपण बदलते, हे त्यांनी गल्लीत प्रत्येकाला शेजारी बसवून दाखवलं होतं. बसले नव्हते ती फक्त मी. चातुर्मासात मी वाहनात बसत नाही. त्या दिवसांत रस्त्यावर किडामुंगी फार असते, आणि चाक काही बघून चालत नाही.

रोज सकाळी बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, दर्शन करून निघताना मी दिवसाचे नेम घेते. किती जिन्नस खायचे, किती वस्त्रं, कुठवर जायचं, वाहन किती. चातुर्मासात माझं वाहन शून्य असतं. त्या दिवशी सकाळी मी 'वाहन एक' म्हटलं, आणि एवढं म्हणतानाही जीभ जड झाली.

म्हटलं ते राजाक्कासाठी. माझी थोरली बहीण त्या दिवशी दीक्षा घेऊन आर्यिका, म्हणजे साध्वी, होणार होती, डोंगरावरच्या तीर्थक्षेत्रावर. आधी मिरवणूक, मग माहेरची ओटी, आणि ओटी भरून झाली की केशलोच. केस उपटून झाले की ती माझी अक्का राहणार नव्हती. नाव नवं, नातं कुठलंच नाही. पुढं जन्मभर तिला 'माताजी' म्हणायचं आणि पाया पडून बाजूला व्हायचं. माहेरात मी एकटीच उरले होते. माझ्या मांडीवर पितळी ताट होतं, त्यात खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं. ते घेऊन मी बाभळीजवळ बसले होते.

आई गेल्यावर माझी वेणी राजाक्कानंच घातली. ती माझ्यासारखी नव्हती. नेमाचं तिला वावडं. बस्तीत पूजा चालू असताना हसू आलं की तोंडात पदर कोंबायची, आणि तरी आवाज बाहेर यायचा. माझ्यासमोर वर्ज्य असलेली बटाट्याची भजी खायची आणि बोटं चाटत म्हणायची, "कुमे, तुझे नेम एक दिवस तुला भर रस्त्यात उभं करतील बघ." मग नवरा गेल्यावर एका चातुर्मासात ती मुनिसंघाची प्रवचनं ऐकायला म्हणून गेली आणि परत आलीच नाही. जिनं कधी एखादा नेम धड केला नाही ती आज सगळं सोडून निघाली होती, आणि नेम करणारी मी भर रस्त्यात उभी होते.

भाऊजींनी गाडी उतारावरून तशीच मागं सोडली. चढाखालच्या फाट्यावर पत्र्याची एक शेड होती. वर पाटी होती: 'ट्रॅक्टर, मोटरपंप, फवारणी मशीन. सर्व कामे.' शेडचे मालक दस्तगीर मिस्त्री बाहेरच स्टुलावर बसून चहा पीत होते. आमची गाडी पाठमोरी आपल्याकडं येतेय म्हटल्यावर ते बशी सांभाळत उठले.

"या या. ह्ये काय बांधलंय म्होरं?"

पुढच्या बंपरखाली दोन नव्या मऊ केरसुण्या आडव्या पसरून बांधलेल्या होत्या. आदल्या दिवशी भाऊजी त्यासाठी दुपारभर गाडीखाली निजले होते. 'वहिनी, आता निवांत बसा. मुंगीसुद्धा हलकेच बाजूला होईल,' म्हणाले होते. गावातून निघताना पोरं टाळ्या पिटत मागं लागली होती.

"ते सोडा," भाऊजी म्हणाले. "गिअर घसरतोय. ऑटोमॅटिक आहे."

मिस्त्री आत डोकावले. "क्लच कुठाय?"

"नसतो."

"चोरीला गेला?"

"पहिल्यापासनंच नसतो हो."

मिस्त्रींनी आणखी वाकून बघितलं. "दोनच पायांची गाडी!" ते म्हणाले. आवाजात कीव होती. "आन् ही दांडी?"

"डी म्हणजे पुढं. आर म्हणजे मागं. पी म्हणजे उभं राहायचं."

"उभं ऱ्हायला पन सांगावं लागतंय?"

मग मिस्त्री स्वतः बसले. डी टाकून पाय दिला. इंजिन बोंबललं, गाडी ढिम्म. आर टाकून पाय दिला, आणि गाडीनं अशी उडी घेतली की मागचं स्टूल, चहाची बशी आणि शेडचा एक वासा आडवे झाले.

"जित्ती हाय!" मिस्त्री आनंदानं ओरडले. "मागं जाती म्हंजे इंजनात जीव हाय. म्होरंच तेवढं जाईना." थोडा विचार करून म्हणाले, "प्येट्रोल कमी पडतंय. टाकी खोलूया."

"मागं जाताना पुरतंय आणि पुढं जाताना कमी पडतंय?" भाऊजी म्हणाले.

"मागं जायाला कमी लागतंय."

भाऊजी पुण्यात कारखान्याच्या भांडारात होते. मशीनशी त्यांचा संबंध पावतीपुरता. पण मिस्त्रींना अशी गाडी पहिल्यांदाच दिसत होती, म्हणून भाऊजींना धीर आला. "बिघाड गिअरच्या डब्यात आहे," ते ठासून म्हणाले, "आणि डबा असतो मधोमध." दोघं गाडीच्या मधोमध, दोन बाजूंनी, खाली शिरले.

एवढ्यात माझी दुपारच्या सामायिकाची वेळ झाली. मी पिशवीतून चटई काढली आणि कडुनिंबाखाली अंथरली.

"आत्ता?" आत्ती म्हणाल्या. "हितं?"

"वेळ झाली, आत्ती."

सामायिक म्हणजे दोन घटका एका जागी बसायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही, खूण करायची नाही. कशाचा राग नाही, कशाचा लोभ नाही. मी णमोकार मंत्र म्हणून डोळे अर्धे मिटले. अर्ध्या मिटल्या डोळ्यांना नेमका गाडीचा पुढचा भाग दिसत होता.

केरसुण्यांच्या थोडं मागं, खालच्या बाजूला, एक लाल थेंब लोंबत होता. तो मोठा झाला, लांबला आणि पडला. कुंकवाच्या पाण्यासारखा. त्याच्या मागोमाग दुसरा धरला. आणि ज्या जागी तो पडणार होता तिथून दाणे घेतलेल्या मुंग्यांची एक रांग चालली होती.

पहिला थेंब रांगेच्या अलीकडं पडला होता. मुंग्या थांबल्या, त्यांनी विचार केला, आणि वळसा घेऊन निघाल्या. दुसरा थेंब बरोबर वळशावर पडला.

सामायिकात समभाव ठेवायचा असतो. गळणारं तेल, बुडणाऱ्या मुंग्या आणि मधोमध उताणं पडून भलतेच बोल्ट ठोकणारे दोन पुरुष, तिघांकडं सारख्याच नजरेनं बघायचं. तेलाचं मला जमलं.

"कुमुद कायतरी बगतीय," आत्ती अचानक म्हणाल्या.

दोघं खालून बाहेर आले. मिस्त्री माझ्यासमोर उकिडवे बसले. "वैनी, काय दिसलं?"

"बोलणार नाहीत त्या," भाऊजी म्हणाले. "सामायिक चालू आहे."

"हातानं दावू द्या की."

"हातही हलवत नाहीत."

"मग नजर कुठं हाय त्ये तर बगू." मिस्त्री माझ्या शेजारी सरकले, गाल जवळजवळ माझ्या खांद्याशी आणून माझ्या नजरेच्या रेषेत बघायला लागले. दुसऱ्या बाजूनं भाऊजी तसेच. मागून आत्ती, माझ्या डोक्यावरून. मी काय करणार? नजरेनं सांगितलं तरी ते सांगणंच झालं. मी डोळे पूर्ण मिटून घेतले.

"मिटलं!" मिस्त्री म्हणाले. "येवढं वंगाळ हाय व्हय?"

ते पुन्हा मधोमध शिरले. मी मंत्र म्हणत राहिले. दर मंत्राला मला एक थेंब पडल्याचा आवाज ऐकू येत होता, जो ऐकू येणं शक्य नव्हतं.

दोन घटका संपल्या. मी नमस्कार केला, उठले, ओटीचं सामान पदरात ओतून घेतलं आणि पितळी ताट गाडीच्या पुढच्या भागाखाली सरकवलं. थेंब ताटात वाजला. मग मी एका पानावर मुंग्या उचलून बांधावर सोडायला लागले.

"वहिनी, हे काय करताय?" भाऊजींनी विचारलं.

"मुंग्या बुडत होत्या."

"कशात?"

"तेलात."

मिस्त्रींनी मधोमधून मान वर काढली, ती गाडीला आपटली. ते फरफटत पुढं आले आणि ताटाकडं बघत बसले. "गळतंय हितं, आन् आमी मुलूख धुंडतोय तितं," ते म्हणाले. मग भाऊजींना म्हणाले, "तुमचा मधला डबा!"

"तुमची टाकी!" भाऊजी म्हणाले.

आता कामाला दिशा आली. या गाडीत गिअर तेलाच्या दाबावर धरतात, हे भाऊजींना गाडी घेताना कुणीतरी सांगितलं होतं, ते त्यांना आत्ता आठवलं. तेल बघायची एक दांडी असते, तीही आठवली. इंजिन चालू ठेवून दांडी बाहेर काढली. टोकाला नखाएवढं तेल होतं, आणि तेही ताटातल्यासारखं लाल नाही, तळाचं जळून काळपट. आत्तींनी ते बोटावर घेऊन हुंगलं.

"करपलंय," त्या म्हणाल्या. "जत्रंतल्या जिलबीचं शेवटच्या दिवशीचं तेल. घालवलं बग भूपाल."

मिस्त्री पुढच्या बाजूनं खाली गेले. थोडा वेळ फक्त त्यांचे पाय दिसत होते. मग आवाज आला.

"साहेब, ह्यी केरसुणी कशाला बांधलीया?"

"बंपरच्या मागं एक नळी आहे, तिला."

"तारंनं?"

"चांगली पिळून बांधलीय. सुटायची नाही."

"न्हाई सुटली," खालून मिस्त्री म्हणाले. "नळी कापली, पन तार न्हाई सुटली. गिअरचं तेल थंड व्हायला म्होरं येतंय, त्येचीच नळी की ही."

रस्त्यावरून एक एसटी गेली. भाऊजी केरसुण्यांकडं बघत होते. त्यांचा चेहरा असा झाला, की मला ताट त्यांच्याखाली सरकवावंसं वाटलं.

"मला ती साधी नळी वाटली, वहिनी," ते म्हणाले.

"केरसुण्या फार छान बांधल्यात," मी म्हणाले. "सगळ्या रस्त्यानं माझ्या मनात सल नव्हता."

"मुंग्या वाचवाय बांधली आन् मुंग्याच बुडवल्या," आत्ती म्हणाल्या. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या गप्प बसल्या, म्हणजे पुटपुटायला लागल्या.

मिस्त्रींनी तार काढली. नळीचा कापलेला तुकडा करवतीनं उडवला, फवारणी पंपाचा जाड रबरी पाइप बेताचा कापून दोन तोंडांवर चढवला आणि दोन्हीकडं पट्ट्या आवळल्या. तेलाचा प्रश्न आला, तेव्हा ते शेडमधून एक डबा घेऊन आले. ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगचं लाल तेल. भाऊजींनी गाडीची पुस्तिका आणि डबा शेजारी शेजारी धरून दोन्हीवरचं नाव अक्षर अक्षर ताडून बघितलं. जात एकच निघाली. डबा सगळा आत गेला. दांडीवर तेल खुणेपर्यंत आलं, लाल, स्वच्छ.

"बसा," मिस्त्री म्हणाले.

आम्ही बसलो. भाऊजींनी डी टाकला. इंजिन ओरडलं. गाडीनं एक हिसका दिला, हातभर पुढं गेली आणि थांबली. पुन्हा तेच. बाभळ वर, चढावर, तिथंच दिसत होती.

मिस्त्रींनी दांडी पुन्हा काढून हुंगली आणि या वेळी टोपी काढली. "आत चकत्या असतील," ते म्हणाले, "क्लचला असत्यात तसल्या. म्होरं जायाच्या जळल्या. मागं जायाच्या येगळ्या असनार, त्या शाबूत हाईत. ह्ये खोलायचं काम कोल्हापुरात. माज्या हाताबाहेरचं."

वर डोंगराच्या बाजूनं वाऱ्यावर बँडचा आवाज आला. मिरवणूक डोंगराखालच्या गावातून निघाली होती.

"माजी फटफटी हाय," मिस्त्री म्हणाले. "वैनीस्नी धा मिन्टात वर सोडतो."

"नको," मी म्हणाले.

"का?"

"आजचं वाहन एकच आहे."

"म्हंजे?"

भाऊजींनी त्यांना नेम समजावून सांगितला. मिस्त्रींनी नीट ऐकून घेतलं. त्यांच्या घरी रमजानचे रोजे धरत, उपास काय असतो ते त्यांना ठाऊक होतं. "पन वैनी, अडचनीत सूट असंल की. तुमचा देव येवढा कडक हाय?"

"देवानं नाही सांगितलं," मी म्हणाले. "मीच घेतलाय. मोडला तर मला कुणी काही करणार नाही. म्हणूनच तर मोडता येत नाही."

"आन् मोडला न्हाई तर बहीण जाती," आत्ती म्हणाल्या. ते त्यांनी मोठ्यानं म्हणायला नको होतं. माझ्या पदरात नारळ होता, तो मी दोन्ही हातांनी धरला.

मी डोंगराकडं बघितलं. चालत गेले असते तर संध्याकाळ झाली असती. केशलोच संध्याकाळची वाट बघणार नव्हता.

"ट्रॅक्टर लावूया," मिस्त्री म्हणाले. "गाडी वडत न्हिऊ. वैनी गाडीतच की. वाहन एकच."

यावर खूप चर्चा झाली. आत्तींचं म्हणणं, ओढणाराही मोजावा लागेल. मिस्त्रींचं म्हणणं, बैलगाडीत बसल्यावर बैल वेगळे मोजत नाहीत. मला मिस्त्रींचं पटत होतं. पण भाऊजींनी मान हलवली. अशी गाडी चाकांवर ओढायची नसते, उरलेला डबाही जातो, असं पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलं होतं.

भाऊजी गाडीकडं बघत होते, आडव्या पडलेल्या वाशाकडं बघत होते.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "दिशेचा नेम घेतलाय का?"

"उत्तरेला डोंगरापर्यंत."

"तोंड कुठं करून जायचं, त्याचा?"

"नाही. तो कुणीच घेत नाही."

"तर मग बसा."

मी केरसुण्या पुन्हा बांधायला सांगितल्या. मिस्त्रींनी त्या बंपरलाच सुतळीनं बांधल्या, आणि बांधताना प्रत्येक गाठ भाऊजींना दाखवली. भाऊजींनी गाडी फिरवली, पाठ डोंगराकडं, तोंड आमच्या गावाकडं. आर टाकला. गाडी अशी शांत निघाली, जशी तिला आयुष्यभर हेच हवं होतं.

मिस्त्री फटफटीवर आमच्या मागं, म्हणजे पुढं होते. दर वळणावर मान मागं करून ओरडत होते, "या, या, या... डाव्या अंगानं... म्हस हाय, थांबा... या!" भाऊजी मान वळवून वळवून लाल झाले होते. मागच्या सीटवर आत्ती मागच्या काचेकडं तोंड करून गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात करून सांगत होत्या, "बिघाड हाय, बिघाड हाय." मी पुढं तोंड करून बसले होते. रस्ता माझ्यापासून लांब जात होता. बाभळ आली, आणि लहान होत होत नाहीशी झाली.

डोंगराच्या पायथ्याशी गावातला रस्ता येऊन मिळतो. तिथून वर अरुंद वाट, दोन्हीकडं ऊस. आम्ही त्या तिठ्यावर पोचलो तेव्हा बँडवाले आधीच वर गेले होते, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका वर गेल्या होत्या, आणि दीक्षार्थींचा रथ, म्हणजे झेंडू लावलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, वळणाशी थोडी थांबली होती. बायका आणि रथ यांच्यामध्ये मोकळी जागा दिसली. भाऊजींना थांबता आलं नाही, चढ होता. आमची गाडी पाठमोरी त्या मोकळ्या जागेत शिरली. मागून रथ सुरू झाला. आता बाहेर पडायला वाट नव्हती.

मी समोर बघितलं. काचेच्या पलीकडं, ट्रॅक्टरच्या धुराड्याच्या वर, उंच खुर्चीवर राजाक्का बसली होती. नवरीसारखी नटवलेली. जांभळा शालू, नथ, पिकल्या केसांत भरघोस गजरा. दोन्ही हात जोडलेले, नजर खाली, चेहरा गंभीर. तिला तसंच बसायला सांगितलं असणार.

मग तिनं नजर वर केली.

तिला आधी गाडी दिसली असावी, तिच्याकडं तोंड करून उलटी निघालेली. मग केरसुण्या. मग मी, पदरात नारळ धरून, वाकून बसलेली. कारण चढ होता आणि मी सवयीनं वाकले होते.

तिचे ओठ घट्ट मिटले. नथ थरथरायला लागली. तिनं जोडलेले हात तोंडापाशी नेले, तरी खांदे हलायचे ते हललेच. शेजारी बसलेली ब्रह्मचारिणी तिच्या कानात काहीतरी म्हणाली. अक्कानं मान डोलावली, पुन्हा गंभीर झाली, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा हसण्यात वाहून गेली. मग मीही गेले. लहानपणी बस्तीत दोघींनी हसून मार खाल्ला होता तसंच, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

इकडं बंपरखालच्या केरसुण्या रथाच्या अगदी पुढं, रस्ता झाडत निघाल्या होत्या. ऊसबांधावरचे लोक हात जोडायला लागले. "काय कल्पना काढली बघा," कुणी म्हणालं. वर मंडपात ही बातमी आमच्या आधी पोचली. कर्ण्यावर निवेदन झालं, की दीक्षार्थींच्या मार्गातील सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी त्यांच्या भगिनी परिवारानं प्रमार्जनाची खास व्यवस्था केलेली असून, हा परिवार पाठ न दाखवता रथासन्मुख येत आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. भाऊजींना मान सरळ करता येत नव्हती, त्यांनी तिरप्या मानेनंच सगळ्यांना नमस्कार केला. दस्तगीर मिस्त्रींना कुणीतरी फेटा बांधला.

सगळी वाट ती माझ्यासमोर होती. मी सरळ गाडीनं वेळेवर गेले असते, तर मंडपातल्या गर्दीत तिचा गजरा तेवढा दिसला असता.

मंडपात ओटीला माझं नाव पुकारलं. ताटाला तेलाचा वास येत होता, म्हणून सगळं पदरातूनच तिच्या पदरात घातलं. बोलायला मोजकाच वेळ होता. मागं बायका उभ्या होत्या, आणि वस्तऱ्याऐवजी हातानं केस उपटायला राख तयार होती.

"अक्का," मी म्हणाले. एवढंच ठरवून आले होते.

"कुमे," ती म्हणाली, "उभं केलं ना रस्त्यात?"

"केलं."

"मोडला नाहीस?"

मी मान हलवली. तिनं माझी वेणी पाठीवरून पुढं घेतली, चाचपली आणि पुन्हा मागं सोडली. "सैल घालतेस," म्हणाली. मग पुढच्या बाईनं मला बाजूला केलं.

त्या दिवशी मी क्षेत्रावरच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी नवे नेम घेतले आणि गाडी ट्रकवर चढून कोल्हापूरला गेली. तिथं डबा उघडून पुढच्या चकत्या नव्या घातल्या. कोळशासारख्या जळलेल्या जुन्या चकत्या भाऊजींनी घरी आणल्या, त्यांतली एक अजून त्यांच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली असते. गाडी पुढं जायला लागली. केरसुण्या मात्र त्यांनी परत बांधल्या नाहीत, आणि पुढच्या चातुर्मासात मीही वाहन शून्यावर आणलं.

माताजी पायी विहार करत आमच्या भागात पुन्हा आल्या, तेव्हा मधे बरीच वर्षं गेली होती. बारीक झाल्या होत्या, पांढरी साडी, डोक्यावर पदर. दर्शनाची लांब रांग होती. माझी पाळी आली. त्या आता कुणाच्या कुणी नाहीत, त्यांना जुनं काही विचारायचं नसतं, त्यांनी ओळख दाखवायची नसते. मी गुडघे टेकले, "वंदामि, माताजी," म्हणाले आणि मान खाली घातली. माझ्या मागं भूपालभाऊजी होते, अजून थोडे तिरपे.

माताजींनी आशीर्वादाला मोरपिसांची पिंछी उचलली. माझ्या डोक्यावर ती क्षणभर स्थिर राहिली. मग भाऊजींकडं वळली.

आणि थरथरायला लागली.

मी वर बघितलं नाही. पदर तोंडात कोंबला आणि बाजूला झाले.